पाद्रीबाबांसाठी पाणमांजर

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या किरिस्ताव वस्त्यांमध्ये पावसाळा संपला, संतांच्या लाकडी मूर्तींचे रंग उडाले, की बाळकुमच्या इनासला बोलावणं यायचं. त्याचा आजा हेच काम करायचा, बापानंही हेच केलं. इनास मूर्ती खरवडायचा, तिला खडू आणि सरसाचं अस्तर द्यायचा आणि जवसाच्या तेलात खललेल्या रंगांनी संतांना पुन्हा गाल, ओठ, झगे द्यायचा. भिंतीवर टांगायच्या फळ्यांवर चित्रंही काढायचा. १८८४ साली तो पन्नाशीला टेकला होता. आपल्यासारखा दुसरा रंगारी या भागात नाही हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण दुसरा नव्हताच.

एक गोष्ट मात्र त्याला कधी जमली नाही. जनावरं. संत रोकच्या पायाशी एक कुत्रा असतो, त्याची जखम चाटणारा. इनासनं काढलेला तो कुत्रा बघून बायका आपसांत म्हणायच्या, शेळी चांगली झालीय. इनास ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. "लोक पाया संताच्या पडतात," तो म्हणायचा, "कुत्र्याच्या नाय."

घरात बायको गर्ट्रूड आणि एकुलती एक मुलगी जोसेफिन. जोसेफिन एकोणीस वर्षांची होती. सकाळी ती आईबरोबर खाडीवर मासळी आणायला जायची आणि दुपारी बापाचे रंग खलायची. नऊ वर्षांची असल्यापासून ती रंग खलत होती. गेरू किती वेळ घोटायचा, काजळीत तेल किती घालायचं, हे तिला बापाला विचारावं लागत नसे. ती चित्र काढते का, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत बातमी आली की गावचे पाद्री, फादर सिल्व्हेस्टर, गोव्याला परत जाणार. बावीस वर्षं ते बाळकुमात होते. आता गुडघे धरले होते, डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या रविवारी निरोप, आणि मंगळवारी मुंबईला जाऊन तिथून आगबोट.

लिनोच्या अंगणात गावकरी जमले. लिनो मासेमार होता, आवाजानं मोठा, आणि गावातलं कुठलंही काम त्याच्या अंगणातूनच सुरू व्हायचं. पाद्रीबाबांना काय द्यायचं असा विषय निघाला.

"इकत आणलेलं काय पण देऊ नका," लिनो म्हणाला. "छत्री दिली ती त्यांनी कोळणीला दिली. कांबळं दिलं ते स्टेशनावरच्या म्हाताऱ्याला घातलं. हातानं केलेलं काय तरी पायजे. आपल्यासाठीच केलंय म्हटल्यावर ते कुणाला देता येणार नाय."

सगळ्यांनी इनासकडे पाहिलं.

"संत पेद्रू काढतो," इनास म्हणाला. "होडीत बसलेला."

लिनोनं मान हलवली. "गोव्यात संतांची काय कमी हाय? त्यांना आपल्या खाडीतलं काय तरी दे. पाणमांजर काढ."

लोक हसले, पण लिनो गंभीर होता. पाद्रीबाबा रोज संध्याकाळी मिठागराच्या बांधावर जाऊन बसायचे आणि पाण्यात खेळणारी पाणमांजरं बघायचे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मासेमारांना ते जनावर डोळ्यांसमोर नको असायचं, कारण ते जाळ्यातली मासळी खायचं आणि जाळं फाडायचं ते वेगळंच. एकदा लिनोच्याच जाळ्यात एक अडकलं होतं. लिनो कोयता घेऊन धावला, तर पाद्रीबाबा मधे येऊन बसले. त्यांनी जाळं कापून ते सोडलं, आणि मग तीन दिवस लिनोच्या ओट्यावर बसून फाटलेलं जाळं स्वतः विणून दिलं. लिनो ते विसरला नव्हता.

इनासला नाही म्हणता आलं नाही.

त्यानं फणसाची एक चांगली फळी घेतली, अस्तर दिलं आणि कोळशानं आखायला बसला. पहिल्या दिवशी मुंगूस झालं. दुसऱ्या दिवशी भिजलेली मांजर. तिसऱ्या दिवशी त्यानं कान मोठे केले तर अजूनच वाईट झालं. चौथ्या दिवशी जोसेफिन रंग खलता खलता म्हणाली, "बाबा, त्याला मान नसते."

"काय?"

"मान नसते त्याला. डोकं संपलं की पाठच सुरू होते. तू मान काढतोस म्हणून ते मांजर दिसतं."

इनासनं कोळसा तिच्यापुढे टाकला. "काढून दाखव."

तिनं फळीला हात लावला नाही. पडवीच्या भिंतीवर, चुन्यावर, तिनं एक लांब वाकडी रेघ ओढली, तिच्या एका टोकाला चपटं डोकं केलं, दुसऱ्या टोकाला जाड शेपूट. मग बोटानं खाली थोडं पुसलं आणि तिथे पाणी झालं. चुलीवरचा भात उतू जायलाही याहून जास्त वेळ लागला असता. भिंतीवर पाणमांजर होतं. त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती.

इनास ते बघत राहिला. चाळीस वर्षं त्याच्या हातात कुंचला होता. बापानं त्याच्या बोटांवर छडी मारून त्याला रेघ शिकवली होती. या पोरीला कुणी काही शिकवलं नव्हतं.

"बरंय," तो म्हणाला, आणि ओलं फडकं घेऊन त्यानं भिंत पुसली. "भिंती काळ्या करू नकोस."

जोसेफिन परत रंग खलायला बसली. पण तिच्या मनात काहीतरी सुरू झालं होतं. पाद्रीबाबांनी तिला अक्षरं शिकवली होती, ती गोवरानं आजारी असताना रोज दाराशी येऊन गेले होते. आपल्याकडूनही त्यांना काही द्यावं असं तिला वाटलं. तिनं एक उरलेली लहान फळी घेतली. बापाचे तेलाचे रंग तिनं घेतले नाहीत. लहानपणी नाताळच्या कागदी कंदिलांवर फुलं काढायला बापानंच तिला बाभळीच्या डिंकात रंग कालवायला शिकवलं होतं. डिंकाचा रंग बघता बघता वाळतो, एकावर एक थर देता येतात. तिनं तेच केलं. रोज दुपारी बापाचं काम आवरलं की मागच्या अंगणात बसून ती रंगवायची. लपवून असं नव्हतं, पण दाखवलंही नाही.

आठवड्यानं तिनं ती फळी पडवीत आणून बापाच्या फळीशेजारी भिंतीला टेकवून ठेवली.

पाणमांजर पाण्यातून अर्धं वर आलं होतं. डोक्यामागचे केस भिजून त्यांची टोकं झाली होती. मिशांना थेंब होते. मागे मिठाचे पांढरे ढीग, त्यांच्यावर संध्याकाळचा उजेड. आणि डोळा असा की बघणाऱ्यानं जरा हालचाल केली तर ते बुडी मारेल.

"पाद्रीबाबांना माझ्याकडून," ती म्हणाली. "कसं झालंय?"

इनास आपल्या चित्रावर शेपूट रंगवत होता. त्यानं एकदा पाहिलं. "डोळा जरा मोठा झालाय," तो म्हणाला आणि परत शेपटीकडे वळला. दिवसभर त्या शेपटीला त्यानं पाच वेळा रंग दिला.

दुसऱ्या दिवशी प्रभाकर मास्तर आले. ते ठाण्याच्या शाळेत शिकवायचे आणि पाद्रीबाबांशी त्यांची जुनी मैत्री होती. दोघं तासन् तास झाडापाखरांवर बोलत. निरोपाला चित्र होतंय हे ऐकून ते मुद्दाम पाहायला आले होते. पडवीत पाऊल टाकलं आणि ते लहान फळीपुढे उभे राहिले. बराच वेळ हलले नाहीत.

"इनास," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं संतांमध्ये कुठे अडकून पडलात? हे असं काम मी मुंबईच्या साहेबांच्या घरीसुद्धा पाहिलेलं नाही."

मोठी फळी त्यांना बहुधा अर्धवट राहिलेला प्रयत्न वाटली. तिच्याकडे त्यांनी नीट पाहिलंच नाही.

इनासच्या हातात कुंचला होता. बोलायला फार लागलं नसतं. हे माझं नाही, मुलीचं आहे, एवढंच. जोसेफिन मास्तरांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं. ती वाट बघत होती हे इनासला कळलं.

"बसा ना मास्तर," तो म्हणाला.

मास्तर बसले, पाणी प्यायले, आणि गेले. जोसेफिननं तांब्या उचलला आणि ती आत गेली.

सकाळी भाकऱ्या थापताना गर्ट्रूड नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगितलं नाय."

"काय सांगायचं?"

"तुम्हाला ठाऊक हाय काय सांगायचं ते."

"सांगणार हाय. निरोपाच्या दिवशी दोन्ही चित्रं देऊ तेव्हा सांगू." असं तो म्हणाला, आणि म्हणताना ते त्याला खरंही वाटलं.

पण दुपारी लिनो आला. मास्तरांनी ठाण्यापासून बाळकुमपर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. "ते पाण्यातनं वर येणारं म्हणे जिवंत दिसतं," लिनो म्हणाला. "मला आता दाखवू नको. रविवारीच सगळ्यांबरोबर बघतो. इनास, तू आमचं नाव राखलंस."

लिनो गेल्यावर इनास त्या लहान फळीपुढे बसला. घरात कुणी नव्हतं. दोघी विहिरीवर गेल्या होत्या. आता काय करायचं हे त्याला समजेना. ते आपलं म्हणून द्यावं तर रोज सकाळी मुलीच्या तोंडाकडे बघावं लागणार. तिचं म्हणून द्यावं तर साऱ्या गावासमोर, सगळ्या पाहुण्यांसमोर, आपली मोठी फळी त्याच्या शेजारी उभी राहणार. संत रोकचा कुत्रा लोकांना आठवणार.

डोळा खरंच जरा मोठा आहे, त्याला वाटलं. एवढा एक नीट करावा.

त्यानं कुंचला पाण्यात बुडवला.

डिंकाच्या रंगाला पाणी लागलं की तो परत ओला होतो, खालचे थर सुटतात, सगळं एकात एक कालवतं. हे त्यानंच जोसेफिनला शिकवलं होतं, ती सात वर्षांची असताना. पाण्यानं भरलेला कुंचला फळीपाशी नेताना ते त्याला आठवत होतं. पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला सांगत राहिला की त्या क्षणी तो विसरला होता, पण तो विसरला नव्हता.

डोळा पसरला. काळा रंग गालावर उतरला. तिथेच हात थांबवता आला असता, कदाचित वाचवताही आलं असतं. त्यानं कुंचला पुन्हा बुडवला आणि पाठीवरून फिरवला. मग शेपटीवरून. मिठाचे ढीग तपकिरी झाले.

जोसेफिन हंडा घेऊन आली तेव्हा तो तिथेच बसला होता.

"डोळा नीट करायला गेलो," तो म्हणाला. "पसरला."

तिनं हंडा उतरवला. फळीकडे ती खूप वेळ बघत राहिली. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, किंवा ओरडेल. त्याला ते चाललं असतं. तिनं फळी उचलली, अंगणात नेली, तांब्याभर पाणी ओतून हातानं चोळून धुतली आणि उन्हात पालथी ठेवली. मग पाट्यापाशी बसली.

"तुझं किती राहिलंय?" तिनं विचारलं. "सहा दिवस हायत. गेरू कमी पडेल, मी घोटते."

आणि ती घोटत बसली. त्या सहा दिवसांत इनासला घरात जेवण गेलं नाही.

रविवारी मिस्सेची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या अंगणात मांडव होता. इनासचं चित्र पुढे आणलं. मधल्या दिवसांत त्यानं मान काढून टाकली होती, तेव्हा ते मांजर राहिलं नव्हतं. ओळखू येण्याजोगं पाणमांजर होतं, पाटावर ठेवल्यासारखं. पाद्रीबाबांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "बावीस वर्षांत मला कुणी पाणमांजर दिलं नव्हतं," ते म्हणाले, आणि लोक हसले.

प्रभाकर मास्तर गोंधळले होते. "इनास, मी पाहिलं ते हे नव्हे. ते कुठे आहे?"

सगळे इनासकडे वळले. इनासनं तोंड उघडलं, पण आवाज आला तो जोसेफिनचा.

"ते माझ्या हातनं विहिरीपाशी भिजलं, मास्तर. रंग गेला."

"अरेरे," मास्तर म्हणाले. "बापाची एवढी मेहनत."

मागे दोन बायका आपसांत बोलल्या, आणि लिनो मोठ्यानं म्हणाला, "पोरी, जरा हात जपून ठेवावा की गो. असं काम परत होतं काय?" जोसेफिन मान खाली घालून उभी राहिली. पंगत बसली. इनास बसला, जेवला, दोनदा कालवण मागून घेतलं. आपण मागितलं हे त्याला नंतर आठवलं आणि आपलीच किळस आली.

सोमवारी सकाळी तो कुमसाराला, म्हणजे पापाची कबुली द्यायला, चर्चमध्ये गेला. पाद्रीबाबांचं सामान बांधून झालं होतं, तरी ते येऊन बसले. जाळीपलीकडून इनासनं सगळं सांगितलं. मधेमधे तो डिंकाविषयीच जास्त बोलत होता, की पाणी लागलं की कसा सुटतो, तेल असतं तर असं झालं नसतं. पाद्रीबाबांनी त्याला थांबवलं.

"तुला तिचा हेवा वाटला."

"होय."

"अजून वाटतो?"

"होय."

"प्रायश्चित्त म्हणून मी तुला जपमाळ सांगणार नाही," पाद्रीबाबा म्हणाले. "जिचं बिघडवलंस तिला जाऊन सांग. आणि ज्यांच्यासमोर गप्प बसलास त्यांच्यासमोर बोल. उद्या मी निघायच्या आधी. मला ते ऐकायचं आहे."

जोसेफिन अंगणात बोंबील वाळत घालत होती. इनास तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"ते चुकून झालं नाय," तो म्हणाला.

"मला ठाऊक हाय."

"कसं?"

"डोळ्याशी हात चुकला असता तर डोळाच गेला असता. तू पाठ पुसलीस. शेपटी पण पुसलीस." तिनं बोंबील दोरीवर टाकला. "का केलंस ते तेवढं सांग."

"तुझं माझ्यापेक्षा चांगलं होतं."

हे वाक्य इतक्या सहज तोंडातून गेलं की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. जोसेफिन हातातली टोपली घेऊन उभी राहिली.

"हे तेव्हा बोलला असतास," ती म्हणाली, "तर मी ते तुला दिलं असतं. तुझ्या नावानं दिलं असतं तरी मला काय वाटलं नसतं."

"आणि आता?"

"आता नाय."

मंगळवारी पाद्रीबाबांची बैलगाडी ठाण्याच्या स्टेशनाकडे निघायची होती. सगळं गाव गोळा झालं होतं, मास्तरही आले होते. पाद्रीबाबा गाडीत बसले, पण गाडीवानाला गाडी हाकायला सांगेनात. ते इनासकडे बघत होते.

इनास पुढे आला. "मास्तर, तुम्ही पाहिलं ते चित्र माझं नव्हतं," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला म्हणून त्यानं परत सांगितलं. "ते जोसेफिननं काढलं होतं. आणि ते विहिरीवर भिजलं नाय. मी पुसलं. तिच्यावर कुणी बोल ठेवू नका."

लिनोनं त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मास्तर चष्मा काढून पुसत राहिले. पाद्रीबाबांनी जोसेफिनला गाडीजवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी हळू आवाजात म्हणाले, आणि गाडी निघाली. ते काय म्हणाले हे तिनं बापाला कधी सांगितलं नाही.

लिनो इनासशी पावसाळाभर बोलला नाही. एका वस्तीनं त्या वर्षी आपला संत रंगवायला भिवंडीकडचा माणूस बोलावला. इनासनं ते सोसलं.

जोसेफिननं दुसरं पाणमांजर पाऊस संपल्यावर काढलं. पहिल्यासारखं नव्हतं, हे बांधावर बसून मासा खात होतं, दोन पिल्लं बाजूला. इनासनं तिला फळी तासून दिली, अस्तराचे चार हात दिले, घासून काचेसारखी गुळगुळीत केली. रंगवताना मात्र तो तिथे थांबत नसे. तिच्या कुंचल्याखाली पिल्लाचे कान उमटायला लागले की तो उठून कुठेतरी जायचा. गर्ट्रूडनं एकदा विचारलं, "अजून जळतं?" तो म्हणाला, "थोडं कमी." तिला ते पुरेसं वाटलं असावं, कारण तिनं पुढे विचारलं नाही.

चित्र लिनोच्या मेहुण्यानं गलबतातून गोव्याला नेलं. महिन्या-दीड महिन्यानं पत्र आलं. प्रभाकर मास्तरांनी पडवीत बसून ते वाचून दाखवलं. पाद्रीबाबांनी लिहिलं होतं की चित्र खाटेसमोर लावलंय, सकाळी उठल्यावर आधी ते दिसतं, आणि भावाच्या घरातली पोरं पिल्लांना नावं देतात. पत्र जोसेफिनला होतं. इनास आपलं नाव येतंय का याची शेवटपर्यंत वाट बघत होता. शेवटी एका ओळीत आलं: इनासला माझा आशीर्वाद, त्यानं बोललेलं मला आठवतं. मोठ्या फळीबद्दल काहीच नव्हतं.

पुढच्या वर्षी माघात कल्याणहून एक गृहस्थ गाडी करून आला. पंढरी त्याचं नाव, भाताचा व्यापारी. त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि सासरी नेण्यासाठी तिला हरणांचं चित्र करून द्यायचं होतं. मास्तरांनी त्याला पत्ता दिला होता. इनास अंगणात संत आंतोनच्या मूर्तीचा झगा रंगवत बसला होता.

"चित्रं काढणाऱ्या जोसेफिनबाईंचं घर हेच का?" पंढरीनं विचारलं. "आपण त्यांच्याकडे कामाला आहात?"

इनासनं कुंचला खाली ठेवला.

"मी तिचा बाप," तो म्हणाला. "घर हेच. बसा."

त्यानं स्टूल पुसून पुढे केलं, आत तोंड करून मुलीला हाक मारली आणि ती येईपर्यंत पाहुण्याशी कल्याणच्या रस्त्याविषयी बोलला. जोसेफिन हात पुसत बाहेर आली, हरणं किती, शिंगं असलेली का बिनशिंगाची, असं विचारू लागली. इनास परत मूर्तीकडे वळला. झग्याचा निळा त्या दिवशी एकसारखा बसेना, संध्याकाळपर्यंत त्याला तो दोनदा पुसून पुन्हा द्यावा लागला.